जिरवण

पाणी आजही उतरलं नव्हतं.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचा कोपरा पुरता दिसतो, पण मला खिडकीतून बघून भागत नाही. चहा गॅसवर तसाच ठेवून मी मागच्या दाराने बाहेर गेले आणि काल खोचून ठेवलेली काठी बघितली. काठीला मी लाल नेलपॉलिशने खूण केली होती. पाणी खुणेला लागून होतं, कालच्याएवढंच. वर झेंडूच्या पाकळ्या, दूर्वांच्या सडत आलेल्या जुड्या, आणि पाण्याचा रंग तांदूळ धुतल्यासारखा. आत येईपर्यंत चहा उतू गेला होता.

"बस की जरा," आतल्या खोलीतून आप्पा म्हणाले. "फरशी झिजेल."

आप्पा म्हणजे माझे वडील, श्यामसुंदर. शहरातल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली. खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावर आहेत; बसतं केलं तर बसतात, पण स्वतःहून उठता येत नाही. माझं लग्न मोडल्यावर आम्ही बापलेक पेठेतून इथे वारज्याला आलो. तळमजला मुद्दाम घेतला, आप्पांना जिने नकोत म्हणून. माणूस आपल्या मूर्खपणापेक्षा शहाणपणानेच जास्त अडचणीत येतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी परतीच्या पावसात एका दुपारी टेकडीवरचं पाणी मागच्या भिंतीला भगदाड पाडून सोसायटीत शिरलं. मागे पूर्वी ओढा होता. बिल्डरने तो पाइपात कोंबला, वर पार्किंग केलं आणि जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' असं छापलं. ओढ्याने जाहिरात वाचली नव्हती. पाणी आमच्या मागच्या दाराने आत आलं तेव्हा मी हिंजवडीला ऑफिसात होते. आप्पांचा फोन आला, घरात पाणी आलंय एवढं ऐकू आलं आणि फोन त्यांच्या हातून पडला. मी कॅबमध्ये बसले आणि हायवेवर अडकले. पुढे गाड्या, मागे गाड्या, वर पाऊस. शेवटी उतरून चालत निघाले. घरी पोचले तेव्हा आप्पा जेवणाच्या टेबलावर आडवे होते, द्वारकाच्या कोरड्या लुगड्यात गुंडाळलेले. द्वारका आमच्या समोर राहते. यवतमाळकडची, नवरा सुखदेव कंपन्यांच्या गाड्या चालवतो. तिने आणि वॉचमनने मिळून आप्पांना पाण्यातून उचललं होतं. गादी भिजून तिचा लगदा झाला होता, म्हणजे पाणी कुठवर आलं होतं ते सांगायला कुणी लागत नव्हतं.

"पाणी गार होतं, बाकी काही नाही," आप्पा त्यानंतर कुणालाही एवढंच सांगायचे.

मला मात्र त्या दिवसापासून एका जागी बसवत नाही. ऑफिसला जाणं मी बंद केलं, घरून काम करते. मॅनेजर दर महिन्याला गोड आवाजात विचारतो, कधी येताय? मी त्याहून गोड आवाजात काहीतरी सांगते. आभाळ भरून आलं की मी मागच्या दाराशी जाऊन उभी राहते. रात्री पाइप गळला तरी मी उठून दिवे लावते.

मागच्या कोपऱ्यातली ती जिरवण मी याच भीतीपोटी करवून घेतली. नदीकाठच्या आणि ओढ्याकाठच्या सोसायट्यांसाठी एक कार्यशाळा होती, तिथे मी ऐकलं, की भिंत बांधून पाणी अडत नाही, ते शेजाऱ्याकडे जातं. त्यापेक्षा जिथून ते आत येतं तिथेच त्याला बसायला जागा करून द्यायची. कोपरा खोलगट करायचा, तळाला मोठी खडी, वर वाळू, वर माती, त्यात कर्दळ आणि वाळा लावायचा. टेकडीचं पाणी आधी तिथे थांबतं आणि सावकाश जमिनीत मुरतं. ऐकायला सोपं होतं. सोसायटीच्या गळी उतरवायला पूर्ण हिवाळा गेला.

आमचे अध्यक्ष बापूराव मूळ लोणी काळभोरचे. शेती पुतण्यांवर सोपवून मुलाकडे राहायला आले आणि गावकीची हौस सोसायटीत भागवू लागले. ते म्हणाले, आमच्याकडं खड्डा खताला करत्यात, फुलाला न्हाई. कुणी डासांचं काढलं, कुणी दोन गाड्यांची जागा जाते म्हणून अडून बसलं. मी प्रस्तावात 'पर्जन्य उद्यान' असं लिहिलं होतं, ते नाव कुणाच्या तोंडी बसेना. मग आप्पांनीच पलंगावरून चिठ्ठी पाठवली: सरकारने उभ्या महाराष्ट्राच्या भिंतींवर 'पाणी अडवा, पाणी जिरवा' लिहून ठेवलंय, तेव्हा जी पाणी जिरवते ती जिरवण. बापूरावांनी चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "पर जिरवायची कुणाची हाय?" सभा हसली. पुण्यात सभा एकदा हसली की ठराव पास होतो.

मग मात्र लोक खरंच उतरले. रविवारी सकाळी लेंगे वर करून खडी वाहिली. द्वारकाने वाळ्याची रोपं ओळीत लावली, बापूरावांनी लोणीहून कर्दळीचे कंद आणले आणि ते आपण आणले हे सगळ्यांना सांगितलं. जून-जुलैत जिरवण संध्याकाळी भरायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघावं तर रिकामी. जुलैत मी झोपले. खरंच, वर्षात पहिल्यांदा.

आणि मग गणपती आले.

अवधूत आमचा सेक्रेटरी. तिशीचा, सॉफ्टवेअरमधला, उत्साहाने नुसता फसफसलेला. त्याने ग्रुपवर पोस्टर टाकलं: 'आपला बाप्पा, आपल्याच अंगणात'. नदी घाण करायची नाही, हौदाच्या रांगेत उभं राहायचं नाही. शाडूच्या मूर्ती आणायच्या आणि जिरवणीतच विसर्जन करायचं. पाणीही आपलं, मातीही आपली. यात खोट काढायला कुणालाच काही सापडलं नाही, मलाही नाही. आप्पा तर लहान मुलासारखे खूश झाले. पडून राहायला लागल्यापासून त्यांनी विसर्जन बघितलं नव्हतं. त्यांच्या खिडकीतून जिरवण दिसते. मूर्ती आमच्याकडे पूर्वापार तेच करतात. यंदा पाठीशी उशा लावून, मी पाट धरला आणि त्यांनी ती केली. बोटं पूर्वीसारखी वळत नव्हती. एक कान सुपाएवढा झाला, दुसरा आपला पुरीएवढा. "ऐकू कमी येत असेल एका कानाने," म्हणाले. "माझ्या वयाचाच आहे."

दीड दिवसाच्या गणपतींना जिरवणीत पाणी नव्हतं, म्हणून टँकर मागवला. तो सकाळपर्यंत मुरून गेला. दुसरा मागवला. पाचव्या दिवशी, गौरींबरोबरच्या मूर्ती गेल्यावर, पाणी टिकायला लागलं. अवधूतने फोटो टाकला: 'बाप्पाची कृपा! पाणी टिकलं!' खाली नमस्कारांची रांग. शेजारच्या दोन सोसायट्या आपापले गणपती घेऊन आल्या, आम्ही त्यांना मोठ्या मनाने जागा दिली. पाणी टिकू नये म्हणून वर्षभर राबलेली माणसं पाणी टिकलं म्हणून एकमेकांना पेढे देत होती. शाडूची माती किती बारीक असते, ओली झाली की तळाला कशी थापून बसते, मातीच्या भांड्यात पाणी का राहतं, यातलं काही त्या आनंदात कुणाला सुचलं नाही.

अनंत चतुर्दशी होऊन गेली, आणि मी काठी खोचून बसले.

त्या सकाळी चहाचं भांडं घासून झाल्यावर मी झाडूच्या दांड्याला पळी बांधली आणि जिरवणीच्या तळाशी खरवडून बघितलं. पळीत राखाडी लगदा आला, लोण्यासारखा मऊ. बोटाने चोळला तर बोटाला चिकटून बसला. मी तो मागच्या पायरीवर थापला, मध्ये खळगा केला आणि त्यात चमचाभर पाणी ओतलं. सॉफ्टवेअर टेस्टर आहे मी, दुसऱ्याच्या कामातली चूक शोधण्याचा पगार घेते. स्वयंपाक झाला, मीटिंग झाली, तरी चमचाभर पाणी तिथेच होतं. आमच्या जिरवणीला आम्ही आतून मडकं करून टाकलं होतं.

मी ग्रुपवर लिहिलं. हवामान खात्याचा इशारा आहे, दोन दिवसांत परतीचा मोठा पाऊस आहे, तळाचा थर काढायलाच हवा. अवधूतचं उत्तर लगेच आलं: खडकवासल्यातून विसर्ग शून्य, निर्धास्त राहा. खाली अंगठ्यांची रांग. पुणेकराला पाऊस क्युसेकमध्येच कळतो. धरणातून किती सोडलं ते रोज पेपरात येतं, टेकडीवरून किती आलं ते कुणी छापत नाही. मी लिहिलं, आपल्याकडे पाणी धरणातून नाही, मागून येतं, गेल्या वर्षीही मागूनच आलं होतं. त्यावर कुणीतरी धरणाचा कालचा फोटो टाकला.

मग मी नागोरावला फोन केला. वसंतात जिरवण त्यानेच खोदली होती. तो दुपारी दोन माणसं आणि घमेली घेऊन आला, काठावर उभा राहिला आणि त्याने चपला काढल्या. मला वाटलं आत उतरतोय. त्याने हात जोडले. कर्दळीच्या बुंध्याशी कुणाच्या तरी गणपतीचा हात अजून विरघळायचा राहिला होता, मोदकासकट. नागोराव म्हणाला, ताई, दुसरं काय बी सांगा, गटार उपसायला सांगा, पण यात पाय घालून वर फावडं मारणं आपल्याच्यानं होणार नाही. त्याची माणसं आधीच गेटपाशी पोचली होती.

त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी तो अवधूतवर काढला. अवधूत बिचारा घाबरला. सगळ्यांच्या भावना असतात नीरजाताई, म्हणाला. रविवारी सभा घेऊ, गुरुजींना विचारू, काही विधी असेल तर तो करून काढू. पाऊस रविवारपर्यंत थांबेल का, असं मी विचारलं, तर त्याने फोनवर हवामान बघितलं आणि ओठ चावला. बापूराव जिन्यात भेटले. ते म्हणाले, मी पैल्यापास्नं सांगत व्हतो. मुरूम टाका, सपाट करा, इषय संपला. मी म्हटलं, मुरूम टाकला की पाणी माझ्या वडिलांच्या अंगावर. ते जागचे हलले नाहीत, जिन्यात उभेच राहिले.

उरले आप्पा. मला वाटत होतं, बाकी कुणी नाही तरी आप्पा म्हणतील, काढ. ते म्हणाले असते तर मी एकटीने उतरले असते, कुणाच्या भावनांना विचारलं नसतं. मी त्यांना सगळं सांगितलं, पायरीवरचा लगदाही दाखवला. त्यांनी तो बोटांत धरून बघितला, उगाच जरा वळला आणि परत दिला.

"फावडं लावायचं नाही," म्हणाले.

मी वाद घातला. उत्तरपूजा झाली, तुम्ही स्वतः हात लावून मूर्ती जागची हलवलीत. मूर्ती हलवली की देवपण गेलं, ही माती उरली, हे मला लहानपणी तुम्हीच शिकवलंत. आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. माहीत आहे मला काय शिकवलं ते, म्हणाले. पण तो माझ्या हातचा आहे. त्याच्यावर माझ्या डोळ्यांदेखत माझी मुलगी लोखंड मारणार नाही. मी तिथून उठले, कारण पुढे थांबले असते तर वाईट बोलले असते. स्वयंपाकघरात जाऊन मी कोथिंबीर निवडायला घेतली आणि चांगली पानं कचऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून उकडत होतं. वाऱ्याचा पत्ता नाही. मी आप्पांच्या पलंगाखालचं सामान वर उचललं, औषधं माळ्यावर ठेवली, माळ्यावरून काढून पुन्हा फ्रिजवर ठेवली. द्वारका दारात येऊन बघून गेली. "काहून इतक्या येरझारा घालता ताई? मी हाये ना आज घरीच," ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि पुन्हा मागच्या दाराशी गेले. टेकडीच्या मागून काळं वर येत होतं.

पहिली सर आली तेव्हा मी परदेशातल्या क्लायंटशी बोलत होते. तो शांतपणे एका बटणाच्या रंगाविषयी बोलत होता. बाहेर टेकडी दिसेनाशी झाली. मी लॅपटॉप तसाच चालू ठेवून उठले. जिरवण आधीच अर्धी भरलेली होती; भिंतीतल्या भगदाडातून अजून काही आलं नव्हतं, नुसता वरचा पाऊसच पडत होता, आणि काठीवरची लाल खूण पाण्याखाली गेली होती. मी तिथेच पायरीवर बसले. वर्षभर धावले ती याच्यासाठी, असं वाटलं, आणि मला रडू आलं. रडतानाही मी पाण्याकडेच बघत होते.

"नीरजा, आत ये."

मी गेले. आप्पांनी स्वतःच कोपरांवर जोर देऊन मान उचलली होती, चेहरा लाल झाला होता. मी उशी सरकवली. त्यांनी माझं मनगट धरलं.

"गेल्या वर्षी," ते म्हणाले, "पाणी गादीवर आलं तेव्हा मी हाका मारत होतो."

"आप्पा, आता राहू दे."

"तुला नव्हतो मारत. तू लांब होतीस, मला माहीत होतं. मी त्याला मारत होतो." त्यांनी हनुवटीने खिडकीकडे खूण केली. "जन्मभर त्याला घडवलं. म्हटलं, एवढ्या हाकेला तरी येईल. अथर्वशीर्ष म्हटलं, चुकलं, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पाणी कानापर्यंत आलं. तो नाही आला. द्वारका आली."

मी त्यांच्या खांद्याखाली दुसरा हात घातला.

"गार होतं फक्त, असं सांगतो मी लोकांना. मी भ्यालो होतो गं. अजून भितो. तुला दिसत नाही, कारण मला येरझारा घालता येत नाहीत." त्यांनी माझं मनगट सोडलं. "जा. द्वारकेला बोलाव. आणि खण."

द्वारकाला बोलवावं लागलं नाही, दार उघडलं तर ती पायरीवरच होती, पदर खोचलेला. सुखदेवची पहार तिच्या हातात होती, फावडं आणि घमेलं पायाशी. जिरवणीच्या काठाशी मात्र ती थबकली. वाकून तिने ते पांढरट पाणी डोळ्यांना लावलं, "माफ करजो बाप्पा," म्हणाली आणि गुडघाभर पाण्यात उतरली. मी नमस्कार केला नाही. माझ्या डोक्यात त्या क्षणी देव नव्हता, आप्पांचे कान होते. मी पाय टाकला तो घोट्यापर्यंत थंड गुळगुळीत लगद्यात गेला आणि घसरून मी थेट बसलेच.

फावडं पाण्याखाली काही केल्या लागत नव्हतं. लगदा उचलला की निम्मा परत सांडायचा. पाऊस इतका, की द्वारका काय बोलते ते दोन हातांवरून ऐकू येत नव्हतं. एकदा फावड्याला काहीतरी घट्ट लागलं. मी हात घालून वर काढलं, तर मूर्तीचं डोकं होतं, सोंड गेलेली, एक कान सुपाएवढा. खिडकीत बघितलं. काचेवर पाणी होतं, तरी आप्पांचा चेहरा कळत होता. त्यांनी हात वर केला आणि खाली आणला, वर्गात मुलाला चित्र खोडायला सांगावं तसा. मी ते डोकं घमेल्यात ठेवलं आणि त्यावर पुढचं फावडं ओतलं.

अवधूत धावत आला तो ऑफिसच्या बुटांसकट. काठावर क्षणभर त्याचं काय चाललं होतं देव जाणे, पण तो उतरला, आणि मग घमेली वाहायला माणसं दिसायला लागली. कुणी कुणाला बोलावलं ते मला कळलं नाही. बापूराव छत्री धरून काठावर उभे होते. थोडा वेळ त्यांनी बघितलं, मग छत्री कुणाच्या तरी हातात दिली आणि धोतराचा काष्टा घट्ट केला.

"सरका," मला म्हणाले. "पहार अशी धरत्यात व्हय? काढत बसू नका समदं. फोडा."

त्यांनी आणि द्वारकाने आळीपाळीने पहार तळात घातली. वर खाली, वर खाली, एकाच जागी. मग जरा बाजूला, मग आणखी बाजूला. मी त्या भोकांतून हाताने लगदा ओढत होते. पहिल्यांदा खडीचा खर्रकन आवाज आला तो मला हातांतून कळला. मग माझ्या पायाशी बुडबुडे आले. आधी एक-दोन, मग सारखे येत राहिले. आतली हवा वर येत होती, म्हणजे पाणी खाली जात होतं. अवधूत बुडबुड्यांकडे नुसतं बोट दाखवत राहिला.

त्यानंतर भगदाडातून टेकडीचं पाणी आलं. लाल, गढूळ, काटक्या आणि प्लास्टिक घेऊन. आम्ही एकमेकांना ओढत काठावर आलो. जिरवण भरली, काठाला आली आणि ओसंडली. बापूराव मला म्हणाले, म्हाताऱ्याला वर माझ्या घरी न्या, मी खाट मोकळी करतो. मी आत पळाले. आप्पा म्हणाले, मी इथून हलणार नाही, मला बघायचंय. मी ओरडले त्यांच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. ते म्हणाले, मागच्या दाराकडे बघ आधी.

पाणी मागच्या पायरीवर चढलं होतं. उंबऱ्यावरून आत आलं, स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरलं, फ्रिजखाली गेलं. मी टॉवेल टाकले, चादरी टाकल्या, आप्पांचे शर्ट टाकले. पाणी दिवाणखान्याच्या दारापर्यंत आलं आणि तिथे राहिलं. मी वाकून त्याच्या कडेकडे बघत होते. कड पुढे येत नव्हती. बराच वेळ ती तिथेच होती, आणि मग उंबऱ्याजवळची एक फरशी दिसायला लागली.

पाऊस चालूच होता, फक्त आवाज उतरला होता. बाहेर बापूराव कुणाला तरी सांगत होते, की कर्दळीचे कंद त्यांनीच आणले होते. द्वारका तिच्या घरात फरशीवरची चिखलाची पावलं पुसत होती. मी हात धुतले. शाडू नखांतून निघेना, तसाच राहू दिला आणि आप्पांच्या खोलीत जाऊन पलंगाशेजारी जमिनीवर टेकले. पाठ भिंतीला लावली. पाय लांब केले. मला हलायचं नव्हतं. लॅपटॉप कधीच बंद पडला होता.

आप्पांचे डोळे मिटलेले होते. झोपले असतील म्हणून मीही डोळे मिटले.

"नीरजा."

मी ताडकन उठून उभी राहिले. "काय आप्पा? काय झालं? पाणी हवंय?"

"काही नाही," ते म्हणाले. "हाक मारून बघितली."